काचेमागची वहिनी

माझी वहिनी आभाळाकडे फारशी बघायची नाही. हे सांगितलं की लोकांना खरं वाटत नाही. तिला टीव्हीवर बघणाऱ्यांची समजूत अशी, की ही बाई दिवसभर गच्चीत उभी राहून ढग न्याहाळत असणार. छे! ती दिवसभर हवामान कार्यालयात टेबलावर वाकलेली असायची. शंभर-सव्वाशे ठाण्यांवरून वाऱ्याचे, दाबाचे, पावसाचे आकडे यायचे, ते ती एका भल्यामोठ्या कागदी नकाशावर मांडायची आणि संध्याकाळपर्यंत त्यातून वळणावळणाच्या रेघा उमटायच्या. मी एकदा विचारलं, "वहिनी, यात तुम्हाला नेमकं दिसतं काय?" ती मान वर न करता म्हणाली, "उद्या." मी तेव्हा हसलो होतो. पुढे हसणं आपोआप बंद झालं.

मी पाट्या रंगवणारा माणूस. टीव्ही केंद्रात मी कसा शिरलो, तर वहिनीमुळेच. तेव्हा टीव्ही नवा होता आणि बातम्यांच्या शेवटी निवेदक एकच वाक्य वाचायचा: "उद्या हवामान सर्वसाधारण राहील." ते ऐकलं की वहिनीचं डोकं फिरायचं. "सर्वसाधारण म्हणजे काय? छत्री घ्यायची की नाही ते सांग ना बाबा!" असं ती त्या पेटीशी भांडायची. शेवटी एक दिवस ती केंद्रात जाऊन थडकली आणि म्हणाली, मी दाखवते. हवामान कार्यालयातलं कोणी तोवर कॅमेऱ्यापुढे उभं राहिलं नव्हतं, बाई तर सोडाच.

तिची अट एकच होती. नकाशा ती लोकांसमोर स्वतःच्या हाताने काढणार, आणि काढताना लोकांकडे पाठ करणार नाही. "पाठ फिरवून सांगितलेलं कोण ऐकेल?" म्हणून काच आली. दारापेक्षा मोठी काच, चाकं लावलेल्या लाकडी चौकटीत बसवलेली. तिच्यावर पुढच्या बाजूने किनारा, नद्या आणि गावांची नावं रंगवायचं काम माझ्याकडे. वहिनी काचेच्या मागे उभी राहायची आणि मागूनच पांढऱ्या तेलकट खडूने रेघा काढायची. बघणाऱ्यांना नकाशाही दिसायचा आणि तिचा चेहराही. गोम एवढीच, की तिच्या बाजूने सगळं उलटं. कागदावर जे डावीकडे, ते तिने उजवीकडे काढायचं.

तीन महिने तिने घरच्या मागच्या खिडकीवर सराव केला. बाहेर माझा भाऊ, म्हणजे दादा, उभा राहून चुका काढायचा. दादा दातांचा डॉक्टर. "मी आरशात बघून लोकांचे दात कोरतो, मला विचार," असा त्याचा तोरा. "सवय होते, पण दमलीस की हात जुन्या वाटेला जातो. तेव्हा खडू खाली ठेवायचा." वहिनीला सवय इतकी झाली की टॅक्सीवाल्याला तोंडाने डावीकडे सांगून हाताने उजवीकडे दाखवायची, आणि तो बिचारा रस्त्याच्या मधोमध थांबायचा.

पहिल्या दिवशी मी कॅमेऱ्याशेजारी उभा होतो. दिवे लागले, काच दिसेनाशी झाली आणि वहिनी चक्क हवेत लिहू लागली. एक लांब पांढरी रेघ समुद्रावरून निघाली, डोंगराला वळसा घालून थांबली. "हा वारा उद्या दुपारी तुमच्याकडे पोचेल," ती म्हणाली. माझ्या अंगावर काटा आला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी एका दुकानाची पाटी रंगवत शिडीवर उभा होतो, आणि तो वारा आला. शिडी धरून मी त्या वाऱ्याकडे बघत राहिलो, जणू ओळखीचं कोणी भेटलं. रंग सांडला, मालक ओरडला, मला त्याचं काहीच वाटलं नाही.

आता त्या संध्याकाळचं सांगतो. तिचं चौथं वर्ष होतं. दक्षिणेच्या समुद्रात वादळ उठलं होतं. आमचा किनारा पूर्व-पश्चिम पसरलेला, दोन टोकांना दोन मोठी बंदरं. वादळ सरळ वर येऊन शेवटी कुठल्या बाजूला वळणार, एवढाच प्रश्न होता. वहिनी दोन दिवस कार्यालयातून हलली नव्हती. डोळ्यांखाली काळं, हातात नकाशाचा चुरगळलेला कागद. त्यात दुपारी स्टुडिओतल्या काचेला तडा गेला. मी धावपळ करून नवी काच बसवली, किनारा रंगवला, पण गावांची नावं लिहायला वेळ उरला नाही. "राहू द्या भाऊजी," ती म्हणाली, "डोळे मिटूनही काढेन मी." आणि मी ब्रश धुवायला घेतले. अक्षरांशिवाय पाटी कधी सोडली नव्हती मी. त्या दिवशी सोडली.

सात वाजता तिने बाण काढला. समुद्रातून वर आणि मग वळण. "पूर्वेच्या बंदरातल्या होड्यांनी आज बाहेर पडू नये. पश्चिमेला काही भीती नाही."

दिवे विझले. त्याच स्टुडिओच्या दुसऱ्या कोपऱ्यात नाटकाचं थेट प्रक्षेपण सुरू झालं. वहिनी कागदाची घडी करत होती. मध्येच थांबली. कागद उलगडला, काचेकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे. कागदावर वळण डावीकडे होतं. तिने मागूनही डावीकडेच काढलं होतं. हात चुकला होता आणि जिभेने हाताचं ऐकलं होतं. वादळ पश्चिमेला जाणार होतं.

"भाऊजी," ती इतक्या हळू म्हणाली की मला फक्त ओठ दिसले. "साडेआठच्या भरतीला निघतात पश्चिमेचे कोळी."

पश्चिम बंदराच्या कचेरीत फोन लावला. वाजत राहिला, कचेरी सहालाच बंद व्हायची. बंदरात एकच टीव्ही, जाळी विणायच्या शेडमध्ये. सगळे कोळी वहिनीचं ऐकून मग होड्या सोडायचे आणि न जाणारे तिथेच नाटक बघत बसायचे, हे आम्हाला त्यांच्या पत्रांतूनच कळलं होतं. म्हणजे त्यांच्यापर्यंत पोचायची वाट एकच होती, आणि ती नाटकाने अडवली होती.

केंद्राच्या साहेबांना आम्ही पाठीमागे 'घड्याळ' म्हणायचो. ते म्हणाले, "नाटक संपल्यावर, पावणेनऊला सांगा. आणि चूक वगैरे शब्द नकोत. सुधारित अंदाज म्हणा."

"पावणेनऊला ते समुद्रात असतील, साहेब."

"चालू प्रक्षेपण तोडता येत नाही, बाई. उद्या तुमच्यावर विश्वास कोण ठेवेल?"

वहिनीने त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला कळलं. मी काचेच्या चौकटीला खांदा लावला. चाकं इतकी कुरकुरली की काय सांगू. नाटकात म्हातारा बाप पलंगावर शेवटचा श्वास घेत होता, मुली रडत होत्या, आणि मी घामाघूम होऊन आख्खा देश ढकलत त्यांच्यामध्ये घुसलो. म्हातारा दचकून उठून बसला. एका मुलीचं रडं जागच्या जागी थांबलं. कॅमेरामनने साहेबांकडे बघितलं नाही, वहिनीकडे बघितलं, आणि कॅमेरा वळवला. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

तिने तळहाताने बाण पुसला. पांढरा डाग राहिला. मग सावकाश, दुसरीकडे वळण काढलं.

"सात वाजता मी चुकीचं सांगितलं. माझा हात चुकला. वादळ पश्चिमेच्या बंदरावर येतंय. होड्या सोडू नका. कोणी निघालं असेल तर हाका मारा, परत बोलवा. चूक माझी आहे, वाऱ्याची नाही."

टीव्हीवरून तोवर कोणी 'मी चुकलो' म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. माझी वहिनी मला त्या क्षणी इतकी मोठी वाटली की मी मान खाली घातली.

वादळ पहाटे आलं, तिच्या रेघेवरून. सकाळी बंदरातून फोन आला. सत्तर होड्या बांधलेल्या होत्या. एक होडी सातचा अंदाज ऐकून लवकर निघून गेली होती, हाका ऐकू येण्यापलीकडे. तिच्यात दोघं सख्खे भाऊ.

संध्याकाळी वहिनीऐवजी हवामान वाचायला साहेबांनी निवेदकाला तयार राहायला सांगितलं होतं. त्याची गरजच नव्हती. वहिनी कार्यालयात बसून होती, हात मांडीखाली दाबून, लहान मुलं बसतात तशी. "माझा या हातावर विश्वास उरला नाही, भाऊजी. मी आता नाही काढणार." दादाने आणलेला चहा गार झाला. मी म्हटलं, नावं लिहिली असती तर असं झालं नसतं. ती म्हणाली, "तुमचं तुम्ही बघा, माझं मला बघू द्या." एवढ्या कडकपणे ती माझ्याशी कधी बोलली नव्हती, आणि ते मला लागलं.

अकरा वाजता पुन्हा फोन वाजला. मीच उचलला. पलीकडे म्हातारा आवाज.

"त्या बाई आहेत का? मी त्या पोरांचा बाप."

मी रिसीव्हर हाताने झाकला. खोटं सांगणार होतो, की बाई नाहीत. पण वहिनीने माझा चेहरा वाचला आणि हात पुढे केला. तिने रिसीव्हर कानाला लावला. त्या माणसाने काय काय ऐकवावं, त्याला सगळा हक्क होता. शांततेत त्याचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"बाई, वारा कधी पडेल? शोधायला निघायचंय. सगळे तयार आहेत."

वहिनीचा चेहरा पांढरा पडला. तिच्या शब्दावर सत्तर होड्या निघणार होत्या. तिने डोळे मिटले, मग उघडले, कागद ओढला. सकाळचे आकडे मांडलेलेच नव्हते. "दहा मिनिटं थांबा, फोन ठेवू नका," ती म्हणाली आणि पेन्सिल उचलली. त्याच हाताने. पहिली रेघ तिने दोनदा खोडली. मग रेघ तिच्या चालीने चालू लागली. मी भिंतीला टेकून बघत होतो. एवढासा कागद, एक पेन्सिल, आणि त्या टोकाला कुठेतरी एक वारा, जो अजून पडला नव्हता.

"चार वाजता पडेल," ती फोनवर म्हणाली. "साडेसहापर्यंत शांत राहील, मग पुन्हा उठेल. अंधारायच्या आत परत या. पाणी पूर्वेला ओढतंय, तिकडच्या बेटामागे आधी बघा."

"बरं," म्हातारा म्हणाला.

चारला दहा कमी असताना बंदराच्या कचेरीतून निरोप आला: वारा पडला, निघालो. त्यानंतर अडीच तास आम्ही तिघं त्या खोलीत फोनकडे बघत बसलो. दादा उगीच चष्मा पुसत होता.

साडेसहाला फोन वाजला. या वेळी वहिनीनेच उचलला.

"सापडले," म्हातारा ओरडत होता, मागे माणसांचा गलका होता. "बेटामागेच. थोरल्याचा हात मोडलाय, धाकटा बरा आहे."

वहिनी तोंडावर हात धरून ढसाढसा रडली. म्हातारा थांबला. त्याने सगळं ऐकून घेतलं असणार. मग जरा घाईने तो म्हणाला,

"बाई, सात वाजत आले. आम्ही सगळे शेडमध्ये बसतोय. उद्याचं सांगा."