समासातला खोकला

मुलाखत कशी घ्यायची हे मला कोणी शिकवू नये, असा माझा तोरा होता. सहा वर्षं पार्ल्याच्या एका कॉलेजात विद्याधर सरांच्या हाताखाली मी हेच करतेय. लोकांच्या घरी जायचं, त्यांना बोलतं करायचं, रेकॉर्डर लावायचा आणि मग ऐकून ऐकून शब्दन् शब्द टाइप करायचा. कोण हसलं, कोण गप्प बसलं, कोण खोकलं, तेसुद्धा कंसात. सर म्हणायचे, "जया, माणूस जे बोलत नाही ना, ते पकड." पकडलं की मी. डोंबल माझं!

रुक्मिणीकाकी दिंडोशीला राहायच्या. नवरा, दत्ताराम, गिरणीत होता. गिरणी बंद पडल्यावर घरी बसला आणि मरेपर्यंत बायकोशी धड बोलला नाही. अशाच बायकांवर आमचा अभ्यास होता. आठ महिन्यांत मी काकींकडे तीनदा गेले. दार उघडलं की पहिलं वाक्य ठरलेलं, "बस गो बाय, आदी खा, मगे काय तां इचार." पहिल्या मुलाखतीत त्या चारदा खोकल्या. सप्टेंबरातल्या तिसऱ्या मुलाखतीतले खोकल्याचे कंस मी मोजले, त्रेसष्ट. आणि मोजून काय केलं? समासात लिहिलं, 'नवऱ्याचा विषय निघाला की खोकला वाढतो. दाबून ठेवलेलं बोलणं?'

सरांनी ते वाचलं आणि "झकास!" म्हणाले. एरवी त्यांच्या तोंडून 'ठीक'च्या वर काही निघत नाही. पवईच्या एका परिसंवादात मी त्या खोकल्यावर वीस मिनिटं बोलले. टाळ्याही पडल्या. सभागृहात दीडशे शिकलेली माणसं होती, पण 'बाईंना डॉक्टरकडे नेलं का' हे एकानेही विचारलं नाही. त्यांना कशाला नावं ठेवू, काकींच्या समोर तर मी बसले होते.

मार्चमध्ये काकी गेल्या. फुप्फुसाचा कॅन्सर. संमतीच्या कागदावर माझा नंबर होता, त्यावर त्यांच्या मुलीने, श्रुतिकाने, फोन केला. आई काय काय बोलली ते तिला छापून हवं होतं. सर म्हणाले, "कंसातलं आणि समासातलं काढून स्वच्छ प्रत दे. घरच्यांना उगाच त्रास." मला ते पटलंही. खोटं कशाला बोलू, सुटका झाल्यासारखं वाटलं. तरी दोन्ही प्रती घेऊन निघाले.

पार्ले स्टेशनजवळच्या उडप्याकडे भेटलो. ती माझ्याच वयाची, डोळे सुजलेले. चहा आला आणि ती एकदम बोलायला लागली.

"डॉक्टर म्हणाले, चार-पाच महिने आधी आणलं असतं तर काहीतरी करता आलं असतं. मी सकाळी आठला घराबाहेर, यायला रात्र. रविवारी घरी असले की ही माझ्यासमोर खोकायचीच नाही गं. बाथरूममध्ये नळ सोडून बसायची. शेजारणीने सांगितलं, तेसुद्धा नंतर. मी पोटची मुलगी, मला कळलं नाही. पण कुणालाच कळलं नसेल ना, जया?"

'नाही गं, कुणालाच नाही,' एवढंच म्हणायचं होतं. तिला तेच ऐकायचं होतं. स्वच्छ प्रत माझ्या हातात होती. पण ही बाई रोज स्वतःला खात बसणार आणि मी मात्र साळसूदपणे चहा पिऊन घरी जाणार? लाज वाटली मला. मी ती प्रत पिशवीत टाकली आणि दुसरी तिच्यापुढे ठेवली.

ती वाचत गेली. एका ठिकाणी आईच्या बोलण्यावर हसलीसुद्धा. मग तिचं बोट समासावर थांबलं.

"हे काय लिहिलंयस?"

मी सगळं सांगितलं. त्रेसष्ट, त्या मुलाखतीची तारीख, परिसंवाद, टाळ्या. सांगताना रडू फुटलं, पण थांबले नाही. "तुला दिसू दिलं नाही त्यांनी, श्रुतिका. मला दिसत होतं. ऐकूही येत होतं, पुन्हा टाइप करताना चारचारदा ऐकलं. मला वाटलं, ते दुःख आहे."

ती ओरडली असती, कागद तोंडावर फेकले असते, तर बरं झालं असतं. तिने फक्त पान उलटलं.

"इथे लिहिलंयस, 'खोकला, सुमारे एक मिनिट'."

"हो."

"एक मिनिट? मग पाणी दिलंस ना तिला?"

"नाही," मी म्हटलं. "आम्हाला शिकवलंय, मध्ये बोलायचं नाही, मध्ये उठायचं नाही. समोरचा माणूस आपणहून पुढे बोलेपर्यंत थांबायचं. मी थांबले होते."