चार अक्षरांचा निरोप

"सौमित्रदादा, पुस्तकातल्या या ओळीत चार अक्षरं आहेत फक्त. मी बोट लावून बघितलं. आणि तू केवढं बोललास त्यावर," मिहीर म्हणाला.

सौमित्र हसला. तो पुण्याहून अमेरिकेत पीएचडीला आलेला. जुन्या काळी कोरियातल्या पंडितांनी चिनी भाषेत लिहिलेल्या भुताखेतांच्या गोष्टी, हा त्याचा विषय. दर रविवारी क्युपर्टिनोला आरोहीच्या घरी यायचं, तिच्या आईच्या हातचा वरणभात हाणायचा आणि वर एक गोष्ट सांगायची. त्याच वेळेला पूर्वी मिहीर आरोहीला ड्रायव्हिंग शिकवायचा. आता त्याची गाडी दारात तापत पडायची आणि कॉलेजात जाणारी ही बया हनुवटीवर हात ठेवून भुतं ऐकायची. सगळी पोरं सौमित्रला दादा म्हणायची, आरोही नुसतं सौमित्र. मिहीरने ते पहिल्याच दिवशी टिपलं होतं.

"अरे, ते बोलायचे कोरियन, लिहायचे चिनी. वाचताना मध्ये आपले शब्द घालायचे. त्यात हा मेलेल्या मुलीचा निरोप कवितेतला, गच्च भरलेला असतो."

"म्हणजे मनाचंच घालतोस."

"मिहीर, डोन्ट बी रूड," आरोही म्हणाली.

"तू वाच मग." सौमित्रने पुस्तक पुढे सरकवलं. "ही काही शाळा नाही, अर्ध्यात सोडायला."

मिहीरची कानशिलं तापली. शाळा सोडल्याचं याला सांगितलं कुणी? आरोहीनेच, आणखी कोण.

"अर्थ सांग नुसते."

"चंद्र. पूल. ओली. बाही."

मिहीर टेबलाकडे बघतच बोलायला लागला. "ती मेलेली मुलगी पुलापर्यंत येते. पुढे तिला येता येत नाही. तो म्हणतो, थांब की. ती म्हणते, तुझं काय, उद्या दुसऱ्या कुणाचं ऐकत बसशील. मग ती त्याच्या बाहीला डोळे पुसते आणि जाते. तो घरी येतो, बाही उन्हात वाळत घालतो. वाळतच नाही."

आरोहीचा हात हनुवटीवरून खाली आला. ती त्याच्याकडे बघत होती, एकटक. किती रविवारांनी. पुढे काय, एवढंच तिने विचारायचं होतं.

ती वळली. "सौमित्र, हे करेक्ट आहे का?"

"करेक्ट नाही. पण छान आहे."

ती हसली, सौमित्रकडे बघून.

मिहीर खुर्ची मागे सारून उठला.

"अरे, काय झालं यार?" आरोहीने विचारलं.

"मला निघायला हवं आता."