एकोणतीस कागदांतला मासा

मी एक जुना, वाळलेला, कुरूप मासा आहे. मित्रांनो, नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या. माझं डोकं अंगाच्या मानाने भलतंच मोठं, तोंड आभाळाकडे वासलेलं, पाठीवर विषारी काटे आणि अंगभर चामखिळी. आमच्या जातीला ओकोझे म्हणतात. समुद्रात होतो तोवर मला कुणी कुरूप म्हटलं नाही, कारण तिथे जो तो आपापल्या पोटाच्या मागे असतो. तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो जाळ्यातून बाहेर आल्यावर.

कोळ्याच्या बायकोने मला वाळत घातलं. मांजर आलं, त्याने मला हुंगलं आणि पाठ फिरवून ते चालतं झालं. हा अपमान मी अजून विसरलेलो नाही. पुढे एका फेरीवालीने मला टोपलीत टाकलं, दोन दिवस डोंगर चढली आणि बर्फात बुडालेल्या एका शिकाऱ्यांच्या गावात सशाच्या दोन कातड्यांवर मला देऊन मोकळी झाली. माशाला बर्फाळ जंगलात काय काम, असं तुम्ही विचाराल. मीही तेच विचारत होतो.

काम असं होतं. तिथल्या डोंगराची देवी रूपाने अगदी बेताची, आणि त्याचं तिला फार वाईट वाटतं. बाई दिसली की तिचा जळफळाट होतो, म्हणून शिकारीला बायका जात नाहीत. पण आपल्याहून कुरूप कुणी दिसलं की ती खूश होते आणि अस्वल देते. तो कुणीतरी म्हणजे मी. शिकाऱ्यांचा म्होरक्या मला कागदात गुंडाळून छातीशी ठेवायचा. डोंगरावर गेलं की नुसतं माझं थोबाड बाहेर काढायचा आणि म्हणायचा, ‘‘देवी, अस्वल दे, मग बाकीचाही दाखवतो.’’ देवी भोळी. ती अस्वल द्यायची. आणि मग हा गडी मला दाखवायचं सोडून माझ्याभोवती आणखी एक कागद गुंडाळायचा, म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा तेच गाजर दाखवता येईल. गावात याला हुशारी म्हणत. मला मात्र शिसारी यायची. मी मेलेला मासा असलो म्हणून काय झालं, दिलेला शब्द कुजला की त्याचा वास मलाही येतो.

तीस वर्षं मी सेइरोकु नावाच्या म्होरक्याच्या छातीशी काढली. छातीशी म्हणजे खरं तर काखेशी. घाम, अस्वलाची चरबी आणि ओला पेंढा, या तिन्हींचा मिळून जो वास होतो, त्यापुढे मी अत्तरच म्हणायचा. तरीही सेइरोकु मला आवडायचा, कारण त्याला बर्फ वाचता येत असे. ससा कुठे दचकला, कोल्हा कुठे थांबून विचारात पडला, अस्वल पोटभर खाऊन चाललंय की उपाशी, हे तो ठशांवरून सांगायचा. ठशाची कड बोटाने चाचपून तो किती वेळापूर्वीचा हेही सांगायचा, आणि ते सहसा चुकत नसे. त्याच्या काळात माझंही खूप कौतुक झालं. देवघराच्या फळीवर मला मानाची जागा होती. कागद वाढत वाढत एकोणतीस झाले. बाहेर राहिलं ते फक्त थोबाड.

त्याचा एक नियम दगडावरच्या रेघेसारखा होता. ज्याने जनावराचं रक्त काढलं, त्याने त्याचा शेवट गाठायचा. अंधार होवो, वादळ येवो, जखमी जनावर मागे सोडून घरी यायचं नाही.

मग सेइरोकुचे गुडघे गेले. मला छातीशी धरण्याचा मान त्याने जावयाला दिला. हा इसोजी घरजावई होता. बोलायला गोड, दिसायला देखणा. गावातल्या बायका त्याच्याकडे बघून हसत. त्याच्या छातीशी गेल्यावर पहिल्याच दिवशी मला जाणवलं की याचं काळीज सशाचं आहे. पण ते काही पाप नव्हे. म्हणून मी गप्प बसलो.

हिवाळा संपत आला होता आणि बर्फ घट्ट झालं होतं. इसोजीची म्होरक्या म्हणून ती पहिलीच शिकार. हाकारे खालून आरडाओरडा करत अस्वलाला वर हाकत होते, आणि हा वरच्या खिंडीत बंदूक घेऊन एकटा उभा होता. त्याने माझं थोबाड काढून देवीला दाखवलं, ठरलेलं खोटं बोलला आणि अस्वल खरोखरच आलं. मादी होती, हिवाळाभर झोपून रोडावलेली. आणखी वीस पावलं येऊ द्यायला हवं होतं. पण इसोजीने घाईने चाप ओढला. गोळी डाव्या खांद्यात बसली. मादी कोलमडली, उठली आणि खाली ओढ्याच्या दिशेने निघून गेली. मागे बर्फावर रक्त राहिलं.

आता त्याने निघायला हवं होतं. सूर्य कलला होता आणि दरीतून धुकं वर चढत होतं. इसोजी उभाच राहिला. मग त्याने काय केलं सांगू? पायाला बांधलेल्या लाकडी बर्फजोड्याने तो रक्तावर बर्फ लोटू लागला. एकेक डाग शोधून, नीट, नेटकेपणाने. मांजरही आपली घाण झाकतं, पण निदान ती पोटातली असते. हाकारे धापा टाकत वर पोचले तेव्हा याने भलत्याच दिशेला बोट दाखवलं आणि गोळी लागलीच नाही, पलीकडच्या कड्यावरून निसटलं, असं सांगितलं. तोवर धुकं उतरलं होतं. कुणी बर्फ तपासलं नाही. पहिलीच वेळ आहे, होतं असं, म्हणून सगळ्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. त्या प्रत्येक थापेसरशी मी त्याच्या छातीवर आपटत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी लख्ख ऊन पडलं. मी फळीवर होतो. खाली चुलाण्याजवळ इसोजी जेवत बसला होता आणि त्याची बायको शिनो पाठीला टोपली बांधत होती. ओढ्याकाठी फुकी या रानभाजीचे कोवळे कोंब आले असतील, घेऊन येते म्हणाली. दरवर्षी हिवाळा सरताना ती जायची. इसोजीचा हात वाटीवरच थांबला.

‘‘आज नको जाऊस,’’ तो म्हणाला. ‘‘ढग आलेत.’’

‘‘अहो, कुठले ढग? डोळ्यांवर झोप आहे तुमच्या,’’ शिनो म्हणाली आणि हसत बाहेर पडली.

मित्रांनो, एवढ्या वेळात तो खरं सांगू शकला असता. दाराशी तिचे बर्फजोडे वाजत होते. ती गेली. इसोजीने बराच वेळ दाराकडे बघितलं. आणि मग त्याने मिसोचं सार आणखी एक वाटी वाढून घेतलं. मी समुद्राच्या तळाशी सडकी मढी खाणारे खेकडे पाहिलेत. पण ते पाहून मला कधी इतकी किळस आली नव्हती.

चुलाण्यावर त्याचे बर्फजोडे वाळत टांगले होते. दोरीतलं बर्फ वितळून थेंब थेंब जमिनीच्या फळ्यांवर पडत होतं. सेइरोकु गुडघे चोळत आतून आला, बसला आणि सवयीने खाली बघू लागला. जमीन असो की बर्फ, त्याचे डोळे आधी खाली जायचे. जमिनीवरचा थेंब गुलाबी होता. त्याने तो बोटाने टिपला आणि हुंगला.

‘‘अस्वलाला गोळी लागली नाही म्हणालास ना काल?’’

‘‘नाही लागली, मामा.’’

‘‘मग तुझ्या जोड्याच्या दोरीत हे कुणाचं रक्त आहे, जावईबापू?’’

सेइरोकुने अस्वल कुठे उतरलं ते विचारलं. ओढ्याकडे, असं उत्तर आलं. शिनो कुठे गेली, असं विचारल्यावरही त्याने तिकडेच बोट दाखवलं. म्हाताऱ्याने हात उगारला नाही की शिवी दिली नाही. त्याने मला फळीवरून ओढून छातीशी कोंबलं आणि बंदूक जावयाच्या हातात दिली.

‘‘पुढे तू चालायचं,’’ तो म्हणाला.

बीच नावाच्या झाडांच्या जंगलात शिनोचे ठसे सरळ चालले होते. उजवा पाय जरा बाहेर टाकायची तिची सवय त्या ठशांतही होती. ओढ्याशी पोचताच अस्वलाचे ठसे लागले, कालचेच, पण रात्रीच्या गारठ्याने कडा धरलेले. डावा पुढचा पाय ओढल्याची रेघ होती आणि मधून मधून काळपट डाग. हे ठसे शिनोच्या वाटेला चिकटून वीसेक पावलं गेले आणि कोऱ्या बर्फात मधेच संपले. पुढे काही नाही, बाजूला काही नाही.

इसोजीचा चेहरा उजळला. ‘‘इथून गेलेलं दिसतंय,’’ तो कुजबुजला.

‘‘जाईल कुठे? पंख फुटलेत त्याला?’’

सेइरोकु मोठ्या कष्टाने खाली बसला. शेवटच्या ठशात त्याने दोन बोटं घातली. नखांच्या खुणा दुहेरी होत्या आणि टाचेकडची बाजू जास्त खोल होती. पाठलाग होणार हे ओळखलेलं अस्वल आपल्याच पावलांवर पाऊल ठेवत उलटं मागे येतं आणि एका बाजूला उडी घेऊन लपून बसतं. म्हाताऱ्याने मान वळवली. दहा पावलं मागे, शिनोच्या वाटेला लागूनच, एक बीच उन्मळून आडवा पडला होता. त्याच्यावरचं बर्फ एका ठिकाणी झडलेलं होतं. त्याच्याच बाजूने आम्ही आत्ता आलो होतो.

आणि तेवढ्यात ओढ्याच्या वळणावरून टोपली घेऊन शिनो परत येताना दिसली. आम्हाला बघून तिने हात हलवला आणि पावलं उचलली. तिच्या चालण्याने पायाखालचं बर्फ वाजत होतं. आडव्या झाडामागून एक दबकी गुरगुर आली. म्हाताऱ्याने तिला हातानेच थांबायची खूण केली. ती थांबली.

‘‘जा,’’ सेइरोकु म्हणाला. ‘‘रक्त तू काढलंस.’’

इसोजीने एकदा मागे वळून बघितलं. पण तो गेला, हे मला सांगायला हवं. झाडामागून मादी उठली. उठली म्हणजे अर्धीच. डावा पाय जमिनीला लागत नव्हता. तिच्या तोंडाभोवती तिने रात्रभर चाटलेल्या जखमेचं रक्त गोठलं होतं. इसोजीने यावेळी घाई केली नाही. एकच गोळी लागली. मादी रात्रभर जिथे पडून होती, तिथलं बर्फ तिच्या अंगाच्या उबेने वितळून खळगा झाला होता. त्या खळग्याकडे बघवत नव्हतं.

शिनो जवळ आली. तिने अस्वलाकडे बघितलं, खांद्यावरची जुनी जखम बघितली. शिकाऱ्याचीच मुलगी ती.

‘‘ही कालची जखम आहे. तुम्हाला ठाऊक होतं?’’ तिने नवऱ्याला विचारलं.

इसोजीने मान खाली घातली. ‘‘मी म्हणालो होतो की तुला, ढग आलेत म्हणून.’’

मग सेइरोकुने मला छातीतून काढलं आणि तो कागद सोडवू लागला. एक, दोन, पाच, दहा. जुने कागद हातातच तुटत होते. एकोणतिसावा निघाला तेव्हा तीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या शेपटीला ऊन लागलं. म्हाताऱ्याने मला दोन्ही हातांनी डोंगरासमोर धरलं.

‘‘देवी, दाखवतो दाखवतो म्हणून मी तुला आयुष्यभर फसवलं,’’ तो म्हणाला. ‘‘मी कागद गुंडाळले, याने बर्फ लोटलं. माझ्याकडूनच शिकला. घे, बघ आता.’’

देवीने काय बघितलं, मला ठाऊक नाही. पण शिनोने बघितलं. बायकांनी मला उघडा बघायचं नसतं, तरी तिने वाकून अगदी जवळून बघितलं.

‘‘एवढंच?’’ ती म्हणाली. ‘‘बाबा, हा तर बिचारा साधा मासा आहे.’’

मग ती वळली आणि आपल्या देखण्या नवऱ्याकडे बघत राहिली. ती नजर मी ओळखतो. जाळ्यातून निघाल्यापासून ती माझ्याच वाट्याला आली होती.

पुरता दाखवलेला मासा शिकारीच्या कामाचा राहत नाही. सेइरोकुने मला पुन्हा गुंडाळलं नाही, आणि बंदूकही पुन्हा कुणाच्या हाती दिली नाही. इसोजी बर्फ वितळायच्या आत आपल्या गावी परत गेला. मी आता शिनोच्या स्वयंपाकघरात खिडकीशी उघडाच पडून असतो. वर्षातून एकदा ती माझ्यावरची धूळ फुंकते. मुलं येतात, ईऽऽ करतात आणि पळून जातात.

खुशाल करा, मित्रांनो. माझ्या रूपाला आता औषध नाही. माझं मागणं एवढंच आहे की घरी गेल्यावर एकदा आपल्या जोड्यांच्या तळाशी बघा. तिथे डाग दिसला तर त्यावर बर्फ लोटू नका. त्याच ओढ्याकडे कुणीतरी टोपली घेऊन निघालेलं असतं.