चुकामूकपूरचा पाचवा भाग

पाचवा भाग घरी आला आणि माझं डोकंच फिरलं.

वरच्या गच्चीत थंडीच्या उन्हात पाय पसरून मी चौथा भाग वाचत बसलो होतो. खालून कुरिअरवाल्या भैयानं आवाज दिला, "अंकलजी, पूना से आया है!" पाकीट हातात घेतलं आणि चाचपूनच कळलं आत काय आहे ते. पाठवणारी मैत्रेयी, माझी मुलगी. आदल्या दिवशी फोनवर म्हणालीच होती, बाबा, तुमच्यासाठी एक मज्जा पाठवली आहे म्हणून. कसली डोंबलाची मज्जा! मी ते पाकीट न फोडता कपाटात स्वेटरांच्या खाली सरकवलं आणि दार लावून टाकलं.

तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्याला लेकीनं पुस्तक पाठवलं, तर त्यात एवढं संतापायला काय झालं? थांबा, सांगतो.

"चुकामूकपूरच्या गोष्टी" नावाची सहा पुस्तकं होती. आम्ही जबलपूरची मराठी पोरं शाळेत हिंदी शिकत होतो, गल्लीत हिंदीत भांडत होतो, पण गोष्टी मराठीत वाचायच्या असा घरचा हुकूम होता. मराठी मंडळाच्या वाचनालयात ही पुस्तकं होती. धांदलभट नावाचा एक जादूगार. मंत्र बरोबर म्हणायचा, पण तो लागायचा शेजारच्या घरी. स्वतःसाठी लाडू मागितले की शेजारणीच्या डोक्यावर लाडू पडायचे. त्याच्यासोबत पिंगा नावाची एक आगाऊ पोरगी आणि ठकूबाई नावाची बकरी. ठकूबाई बोलायची, आणि बोलायची ती टोमणेच.

दोन वर्षांपूर्वी विनीता, माझी बायको, गेली. त्यानंतर काही वाचवेना, टीव्ही सहन होईना. मग या हिवाळ्यात मंडळात जाऊन हीच पुस्तकं घेऊन आलो. वाचनालय सांभाळणारे आलोकजी म्हणाले, "घेऊन जा विनयजी, आता पोरं कुठं वाचून राहिली मराठी?" घरी येऊन पहिला भाग उघडला आणि काय सांगू, एकटा बसून मोठ्यानं हसलो. लहानपणी धांदलभट मला जख्ख म्हातारा वाटायचा. आता वाचताना कळलं, पठ्ठ्या फक्त पंचेचाळीसचा आहे! माझ्यापेक्षा वीस-बावीस वर्षांनी लहान. आणि लहानपणी ज्या ठकूबाईचा मला राग यायचा, घरात शहाणी अशी ती एकटीच.

तर मुद्दा असा, की आमच्या वाचनालयात पाचवा भाग नव्हता. कधीच नव्हता. शहपुऱ्याला बदली झालेल्या कुण्या साहेबांनी तो सामानात नेला म्हणतात, तो गेलाच. आणि भानगड अशी, की चौथ्या भागाच्या शेवटी हे तिघं चिंचेच्या बुंध्यातल्या एका दारातून आत जातात. सहावा भाग उघडावा तर तिघं घरी बसून पुरणपोळी खाताहेत आणि धांदलभटाची दाढी निळीशार झाली आहे! कशी झाली, कोणी चकार शब्द काढत नाही.

मग काय, जबलपुरातल्या झाडून साऱ्या मराठी घरांनी आपापला पाचवा भाग तयार केला. रेल्वेवाल्यांच्या घरी धांदलभट इंजिनात चढला आणि तिथल्या निळ्या दिव्यानं दाढी रंगली. कंपाउंडर असलेल्या एका काकांच्या घरी जखमेवरचं निळं औषध सांडलं. आम्ही फॅक्टरीवाले, आमच्या घरी अर्थातच फॅक्टरीतलं पेंट शॉप. सणावाराला भेटलो की पोरं एकमेकांना विचारायची, तुमच्या घरचा पाचवा काय आहे बे? आणि मग भांडणं. आमचाच खरा म्हणून मी एकाला बदडलं पण आहे.

विनीताचं माहेर बड्या फुहाऱ्याच्या बाजारात, कापडाच्या दुकानांच्या वरती. तिला पाहायला गेलो तेव्हा मी व्हीकल फॅक्टरीत नवा लागलो होतो. पोहे झाले, पत्रिकेचं झालं, मग मोठ्यांनी आम्हा दोघांना बाल्कनीत पाठवलं. खाली हा गोंगाट, आणि आम्ही दोघं गप्प. शेवटी माझ्या तोंडून निघालं, "तुमच्या घरचा पाचवा काय आहे?"

तिनं पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे पाहिलं. "आमच्या घरचा नाही, माझा आहे," म्हणाली. "पण तो मी असा येणाऱ्या-जाणाऱ्याला नाही सांगत."

झालं. मी घरी येऊन हो सांगून टाकलं.

लग्नानंतर तिनं तो सांगितला, पण एकदम नाही. कधी भाजी निवडताना, कधी लाइट गेले की, असा तुकड्यातुकड्यांनी, चाळीस वर्षं. तिच्या पाचव्या भागात दाराच्या पलीकडे काळ्या दगडांची एक टेकडी होती, आपल्या मदनमहालसारखी, आणि तिच्यावर फुगोजी नावाचा राक्षस. हा राक्षस माणसं खात नव्हता. रुसत होता. कोणी विचारलं, काय झालं? की "काही नाही" म्हणून भिंतीकडे तोंड करायचा. जेवायला उशीर झाला की भूक नाही म्हणायचा आणि मग मध्यरात्री डबे वाजवायचा. त्याच्या आधी कोणी पेपर उघडला की त्या दिवशी टेकडीवर वीजच कडाडायची. धांदलभटानं त्याला एकदा जवळ घेतलं, तर तो ढसाढसा रडला. राक्षसांचे अश्रू निळे असतात. म्हणून दाढी निळी.

"राक्षसांचे अश्रू निळे कुठून?" मी विचारायचो.

"तुम्ही पाहिलेत का कधी?"

"आणि त्या टेकडीवर पेपर येतो?"

"येतो. काहून, तुम्हाला काही त्रास?"

"काय खडूस राक्षस आहे!" मी म्हणायचो, आणि ती एवढी हसायची, एवढी हसायची, की पदरानं डोळे पुसावे लागायचे. मला वाटायचं, माझ्या बोलण्याला हसून राहिली.

पण शेवट तिनं मला कधीच सांगितला नाही. फुगोजीचं पुढे काय झालं? "ते तुम्हाला नाही सांगायचं," एवढंच. मी चिडायचो, अबोला धरायचो. ती ढिम्म. शेवटी दवाखान्यात तिच्या उशाशी बसलो असताना मी परत विचारलं. म्हणाली, "घरी गेल्यावर सांगते." आणि घरी आलीच नाही.

राग आहे मला तिचा. लपवून काय करू? शेवट न सांगता गेली.

म्हणून ते पाकीट नको होतं मला. मी आयुष्यभर फॅक्टरीत गाड्यांची ड्रॉइंग वाचत आलो. कागदावर छापलेलं असेल ते खरं, तोंडी सांगितलेलं गेलं उडत, हे आमचं पहिलं शिक्षण. एकदा का तो छापील पाचवा भाग वाचला, की तोच खरा होणार आणि विनीताचा खोटा पडणार. आधीच तिचा आवाज मला हल्ली नीट आठवत नाही. तिची गोष्ट तेवढी राहिली होती, अर्धी का होईना. तिच्यावर मी कोण्या भलत्या माणसाचा शेवट चिकटवू?

आठवड्यानं मैत्रेयी आली, सुट्टी जोडून. महाराजपूर मोहल्ल्यातल्या या घरात मी एकटा कसा राहतो, हे पाहायला ती अधूनमधून धाडीसारखी येते. फ्रिज उघडला, औषधं पाहिली, आणि थंडी वाजते म्हणून स्वेटर काढायला कपाट उघडलं.

"बाबा, हे काय? फोडलं पण नाही?"

मी पेपरमध्ये तोंड घातलं.

"दोन वर्षं शोधून राहिले होते मी. पुण्यातले सगळे रद्दीवाले ओळखतात आता मला. आणि तुम्ही स्वेटरखाली... काय झालं?"

"काही नाही."

"बाबा!"

मग सांगावंच लागलं. सांगताना आवाज चिरकला, त्याचाही राग आला. ती ऐकत होती. सगळं झाल्यावर म्हणाली, "अच्छा, चलो. तुम्ही नका वाचू. मी वाचते, मला तर वाचू द्याल?"

तिला नाही कसं म्हणणार? ती गच्चीत सतरंजी टाकून वाचत बसली. मी कढीपत्त्याच्या कुंडीतली वाळकी पानं काढत होतो. वाळकी संपली, मग हिरवी काढायला लागलो. पोरांचंच पुस्तक ते, किती वेळ लागणार. सुरुवातीला ती हसत होती. मग हसणं थांबलं. भराभरा मागची पानं चाळून तिनं पुस्तक पालथं घातलं.

"बाबा, याच्यात राक्षसच नाही."

"फुगोजी नाही?"

"फुगोजी नाही, टेकडी नाही, काहीच नाही. तो रंगाऱ्याच्या पिपात पडतो आणि दाढी निळी होते."

"बस?"

"बस."

इतकी वर्षं ज्याच्यावरून भांडलो, ते हे? रंगाऱ्याचं पीप! आमचं पेंट शॉप याच्यापेक्षा बरं होतं. खरं सांगतो, मला बरं वाटलं. विनीताच्या गोष्टीला त्या पुस्तकानं कुठं हातच लावला नव्हता. मी सतरंजीवर बसलो. "पण मग हा फुगोजी तिनं आणला कुठून?"

मैत्रेयी माझ्याकडे पाहतच राहिली. "बाबा, खरंच विचारून राहिले तुम्ही?"

"म्हणजे?"

"काय झालं विचारलं की कोण म्हणतं काही नाही? आत्ता, खाली, कोण म्हणालं?" तिनं बोटं मोजायला घेतली. "जेवायला उशीर झाला की भूक नाही कोणाला? रात्री डबे कोण वाजवतं? पेपर आधी उघडला म्हणून मला दहावीत दोन दिवस कोण बोललं नव्हतं?"

"हात्तिच्या!" मी म्हटलं. "मी?"

"शैलजामावशीला माहीत आहे, आत्याला माहीत आहे, समोरच्या दुबे आंटींना पण माहीत आहे. त्या तर तुम्हाला फुगोजीच म्हणतात."

मला असा राग आला म्हणता! भिंतीकडे तोंड करायला वळलोच होतो. गच्चीत भिंत नव्हती, कठडा होता. कठड्याशी जाऊन उभा राहिलो, आणि मागून ही पोरगी फिदीफिदी हसायला लागली, थेट आईसारखी. मग मलाही हसू फुटलं. काय करणार! चाळीस वर्षं ती बाई माझ्यासमोर बसून मलाच माझी गोष्ट सांगत होती आणि मी गाढव टाळ्या देत होतो.

हसणं ओसरल्यावर मी विचारलं, "तुला सांगितला का तिनं शेवट?"

"हो. लहानपणीच."

मी परत सतरंजीवर येऊन बसलो. "सांग."

"टेकडीवरून घरी यायचं दार वर्षातून एकदाच उघडतं," मैत्रेयी म्हणाली. "ते उघडलं. धांदलभट गेला, पिंगा गेली. ठकूबाईनं एक पाय आत टाकला आणि मागे घेतला. पिंगा ओरडली, चल ना, दार लागेल! ठकूबाई म्हणाली, तुम्ही व्हा पुढे, मी थांबते. पिंगा म्हणाली, काहून? ठकूबाई म्हणाली, काहून म्हणजे? याला चहा करता येत नाही."

मी सतरंजीचा सुटलेला दोरा ओढत बसलो.

"मी आईशी भांडले होते. म्हटलं, सहाव्या भागात तर ठकूबाई आहे, पुरणपोळी खाते. तर म्हणे, ती दुसरी बकरी. पहिली टेकडीवरच राहिली, त्याच्याजवळ. म्हटलं, मग बाबांना का नाही सांगत? तर म्हणाली, सांगितलं तर डोक्यावर बसतील."

"खोटारडी," मी म्हटलं. "मी थांबते म्हणे! थांबली का? गेली ना सोडून?" आणि मग लेकीसमोर रडलो, चांगला हमसून रडलो. दोन वर्षांत असा रडलो नव्हतो. मैत्रेयी पाठीवरून हात फिरवत होती आणि तीही रडत होती.

खाली रस्त्यावरून भाजीची गाडी ओरडत गेली. ऊन कठड्याच्या पलीकडे सरकलं होतं. मैत्रेयीनं नाक पुसलं, उठली. "बसा तुम्ही, मी चहा टाकते."

"तू बस," मी म्हटलं.

"तुम्ही?"

"मग दोन वर्षं काय टपरीवर पिऊन राहिलो का?"

स्वयंपाकघरात जाऊन पाणी ठेवलं. आलं ठेचलं, दूध काढलं, साखर विनीताच्या डब्यातूनच घेतली. पाण्याला आधण येत होतं. मैत्रेयीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात मी म्हटलं, "जा हो ठकूबाई तुम्ही आता. येतो मला चहा."