नोएलीनसाठी काहीतरी गोड

मी नेव्हिल गार्विनच्या शेडमधला ड्रम बोलतोय. पांढऱ्या प्लास्टिकचा, खाली तोटी, वर घट्ट झाकण. झाकणात एक वाकडी नळी खोचलेली असते आणि नळीत थोडं पाणी. पोटात वायू झाला की तो त्या पाण्यातून बुडबुड करत बाहेर पडतो. हेच माझं बोलणं. लोक ते ऐकून बाटल्या धुवायला घेतात, आणखी काही समजून घेत नाहीत. तुम्ही जरा बसा.

माझा जन्म ब्रिस्बेनच्या एका कारखान्यात झाला. त्याच सकाळी, त्याच वितळलेल्या प्लास्टिकमधून कचऱ्याचे डबेही निघाले. म्हणजे आम्ही सख्खे भाऊ. त्यांच्या वाट्याला माशांची डोकी आली, माझ्या वाट्याला बिअर. हे माझ्या हुशारीमुळं झालं असं मी बरीच वर्षं समजत होतो.

नेव्हिलचं घर इंगम गावाबाहेर, उसाच्या अगदी कडेला. सगळी नोकरी त्यानं साखर कारखान्यात काढली. तो निवृत्त झाला तेव्हा नोएलीननं, म्हणजे त्याच्या बायकोनं, मला आणून त्याच्या मांडीवर ठेवलं. दिवसभर हा स्वयंपाकघरात येऊन भांड्यांची झाकणं उचलून बघेल, या भीतीपोटी दिलेली भेट होती ती. उपाय लागू पडला. जरा जास्तच लागू पडला. नेव्हिल शेडमध्ये गेला तो तिथलाच झाला.

त्यानं माझ्यात बिअर केली आणि ती चांगली झाली. शेजारचा ऊसवाला फ्रँको झानेट्टी रोज दुपार कलली की यायचा. दोघं फ्रीजमधून गार बाटल्या काढायचे, पाय लांब करून बसायचे आणि अर्धा तास एक शब्द बोलायचे नाहीत. याला ते गप्पा म्हणायचे. समोर व्हरांड्यात नोएलीन एकटी चहा घेऊन बसलेली असायची. शेडच्या दारातून मला ती नीट दिसायची. नेव्हिलची तिकडे पाठ असायची.

एका नोव्हेंबरात ती उठून शेडमध्ये आली. नेव्हिलच्या हातातली बाटली घेऊन तिनं एक घोट घेतला आणि तो दारातच थुंकला.

"ओल्या बुटासारखं लागतं," ती म्हणाली. "इतकी वर्षं लागतंय. म्हटलं, शेवटचं एकदा बघू."

"शेवटचं म्हणजे?"

"बेरिलच्या शेजारचा फ्लॅट रिकामा होतोय. आंबे संपले की मी टाउन्सव्हिलला जातेय."

बेरिल तिची बहीण. नेव्हिलनं मान हलवली. "जा की. जरा बदल होईल. किती दिवस?"

"पलंग घेऊन जातेय, नेव्ह."

एवढं बोलून ती गेली. फ्रँकोनं टोपी डोळ्यांवर ओढली. आता पुरुषाच्या डोक्यात इथं काय यायला हवं, हे माझ्यासारख्या प्लास्टिकलाही कळलं. नेव्हिलच्या डोक्यात वेगळंच आलं.

"तिला पिण्यासारखं काही नाही इथं, म्हणून येत नाही ती बसायला," तो म्हणाला. "गोड काहीतरी करू. फळाचं. आंब्याचं करू."

"ह्या ड्रममध्ये?" फ्रँको ताठ झाला. "लेका, प्लास्टिक आहे ते. एकदा आंबा मुरला की वास जन्मात जायचा नाही. बिअरला मुकशील."

नेव्हिल माझ्याकडं बराच वेळ बघत राहिला. मी अंग चोरून बसलो. मग तो बादली घेऊन आंबे वेचायला गेला.

तर आंब्याचा गर, पाणी, दणकट जातीचं यीस्ट आणि अर्धी बादली साखर. साखर कारखान्यातल्या माणसाला साखरेचं गणित कुणी शिकवायचं? गोड हवं तर साखर घाला. पण यीस्टचं गणित उलटं असतं. त्याला साखर दिसली की ती संपेपर्यंत ते पानावरून उठत नाही, आणि खाल्लेल्या साखरेची दारू करून ठेवतं. जेवढं जास्त वाढाल, तेवढं शेवटी कडक आणि कोरडं. हे मी जीव तोडून सांगत होतो. नेव्हिल झाकणाला कान लावायचा आणि म्हणायचा, "खुशीत आहे गडी."

पहिला ग्लास त्यानं स्वतः व्हरांड्यात नेऊन दिला. नोएलीननं घोट घेतला. तिचे डोळे भरून आले, पण प्रेमानं नव्हे.

"ह्यात गोड कुठंय?"

"अर्धी बादली साखर आहे, नोएल."

"मग ती कुणी खाल्ली?"

नेव्हिल शेडमध्ये येऊन बसला. फ्रँकोनं चव घेतली, घसा खाकरला आणि म्हणाला, "साखर कमी पडली."

दुसऱ्या खेपेला बादली काठोकाठ भरली. आंब्याला सोबत म्हणून अननसही घातला. मी इतका खदखदलो की नळीतून फेस उडून छताला लागला. खाली उरलेला चोथा त्यांनी कुंपणाबाहेर टाकला, तो रात्री वटवाघळांनी खाल्ला, आणि दुसऱ्या दिवशी सगळी वटवाघळं झाडाला डोकं वर करून लटकलेली होती. खोटं वाटत असेल तर फ्रँकोला विचारा. तो तर म्हणतो, त्यातलं एक गात होतं. नोएलीननं ते पेय फडक्यावर घेऊन ओव्हन पुसला. ओव्हन लखलखीत निघाला.

"हे मात्र जमलंय तुला," ती म्हणाली. तेवढ्यात तिला बेरिलचा फोन आला. फ्लॅटची किल्ली मिळाली होती. नोएलीननं पलंग सुटा केला, त्याच्या फळ्या आणि गादी व्हरांड्याच्या भिंतीला टेकवून ठेवली आणि स्वतः आतल्या सोफ्यावर झोपायला लागली. झाडावर मोजके आंबे उरले होते.

त्या मोजक्या आंब्यांवर नेव्हिलनं तिसरी खेप लावली. आता त्याचा चेहरा उतरला होता. जेवायला बोलावलं तरी तो उठेना. मग एकदम त्याला सुचलं.

"ड्रममध्ये साखर टिकत नाही ना? मग आपण ती बाटलीत घालू. बाटलीत कोण येतंय खायला?"

"डोकं आहे हं तुला," फ्रँको म्हणाला.

मी बुडबुडून पोट दुखवून घेतलं. अहो, बाटलीत कोण म्हणजे? जे माझ्यात होतं तेच, पाहुणचाराच्या आशेनं तोटीतून सोबत गेलेलं. पण ऐकतो कोण? प्रत्येक बाटलीत साखर पडली, झाकणं दाबून बसवली गेली आणि बाटल्या व्हरांड्यात भिंतीशी रांगेनं उभ्या राहिल्या, डिसेंबरच्या उकाड्यात. नोएलीन कोरड्या आवाजात म्हणाली, "दोन मी फ्रीजमध्ये ठेवते. बेरिलला नेईन. तुझी काहीतरी वस्तू असू दे तिकडं."

रविवारी दुपारी पहिली बाटली फुटली. तिच्या धक्क्यानं दुसरी, आणि मग मोजायला कुणी थांबलं नाही. एका झाकणानं माश्या अडवणारी जाळी फाडली, एक छतातून आरपार गेलं. उसाची छोटी आगगाडी शेतातल्या रुळावरून चालली होती, तिच्या ड्रायव्हरनं ब्रेक लावून हात वर केले. गादीवर आंबा, पडद्यावर आंबा, नोएलीनच्या केसांत आंबा. कुणाला लागलं नाही, एवढंच.

नेव्हिल फरशी पुसत होता. नोएलीन फ्रीजमधल्या दोन बाटल्या जाड टॉवेलात गुंडाळून अंगणात घेऊन आली, एखाद्याचं तान्हं बाळ धरावं तशा.

"ह्या तू ओत कुठंतरी लांब. बेरिलकडं माझा जीव जायला नको."

नेव्हिलनं तोंड फिरवून झाकण उघडलं. नुसतं फुस्स झालं. त्यानं वास घेतला, थोडं चाखलं, आणि बाटली तिच्यापुढं धरली. मग तिनं एक घोट घेतला. मग आणखी एक.

"नेव्ह, हे गोड आहे."

"गार होतं," नेव्हिल हळूहळू म्हणाला, जणू एकेक अक्षर शोधून आणत होता. "गारठ्यात यीस्ट झोपतं. साखर खातच नाही. म्हणजे तुझं सगळं फ्रीजमध्येच राहायला हवं. पहिल्यापासून."

"माझ्या फ्रीजमध्ये अंड्यांनाही जागा नाही."

दोघांनी शेडकडं पाहिलं. शेडमध्ये दुसरा फ्रीज होता, आणि तो वरपासून खालपर्यंत बिअरनं भरलेला होता.

"राहू दे," नोएलीन म्हणाली. "उद्या ट्रक येतोय."

दुसऱ्या दिवशी फ्रँको पलंग ट्रकमध्ये चढवायला हात लावायला म्हणून आला. पाहतो तर नेव्हिल फ्रीजसमोर उकिडवा बसून बिअरच्या बाटल्या एकेक करून बाहेर काढतोय आणि अंगणात, भर उन्हात, मांडतोय.

"कोण वारलं?" फ्रँकोनं विचारलं.

"कुणी नाही. जागा करतोय."

"अरे, पण त्या तापतील."

"तापू दे."

खालचा कप्पा रिकामा झाला. नेव्हिलनं तो फडक्यानं पुसला आणि मधोमध एकच बाटली ठेवली, नोएलीनची. मग फ्रीजजवळची फ्रँकोची खुर्ची उचलून झटकली आणि दाराकडं तोंड करून, व्हरांडा दिसेल अशी मांडली. फ्रँको उभाच राहिला. नोएलीन स्वयंपाकघराच्या खिडकीत होती. तिथून तिला ती खुर्ची दिसत होती. ट्रकवाल्यानं हॉर्न दिला तेव्हा ती बाहेर आली आणि पलंगाच्या फळ्यांशी उभी राहिली.

"फ्रँको, ते तुझ्या बाजूचं टोक धर," ती म्हणाली.

फ्रँकोनं धरलं आणि तो ट्रककडं वळला.

"तिकडं नाही. आत."

तर अशी माझी कथा. आता माझं म्हणाल, तर मी आंब्याचा झालो. मला कितीही घासलं तरी वास जात नाही. नेव्हिलनं बिअरसाठी नवा ड्रम आणलाय, तो कोपऱ्यात फार ऐटीत बसतो, आणि त्याची बिअर बाहेर बर्फाच्या पेटीत राहते. नोएलीन रोज दुपारी त्याच खुर्चीत बसते आणि अर्धाच ग्लास पिते. तोही बर्फ घालून. एवढ्या रामायणानंतर अर्धा ग्लास! पण तेवढ्या वेळात ती इतकं बोलते की फ्रँको आता बहुतेक वेळा घरी बायकोबरोबर बसतो आणि आपल्याला हे कुणी शिकवलं ते सांगत नाही.

माझं मागणं मोठं नाही. तुमच्या घरात बिअर न आवडणारं कुणी असेल आणि त्याच्यासाठी माझ्या एखाद्या भावाला कामाला लावणार असाल, तर साखरेचा डबा उघडण्याआधी फ्रीज उघडून बघा. त्यात स्वतःचं किती भरून ठेवलंय तेवढं बघा. आणि झाकणाला कान लावलाच, तर कृपा करून गडी खुशीत आहे असं लगेच ठरवू नका.