माझ्या नावाने आत

आमच्या शिवणघरात आम्ही दोघी जावा. कपडे उसवायचे, आवळायचे, सैल करायचे, हेच काम. धाकटीचं तोंड भराभर चालतं, माझा हात. गिऱ्हाइकांनी घरबसल्या काम सांगावं म्हणून माझ्या सुनेने वेबसाइट तयार केली. लॉगिन केलं की आम्हा दोघींपैकी जिचं काम तिला दिसणार.

घरात ईमेल एकच. तो टाकून धाकटीने आधीच खातं उघडलं. मी टाकला तर पडद्यावर उमटलं, हा ईमेल वापरात आहे.

सूनबाई म्हणाली, एका ईमेलवर एकच खातं, नाहीतर आत कोण आलंय हे कॉम्प्युटरला कळणार कसं? तुमचं काम काकूंच्याच खात्यात टाकते. धाकटी लगेच म्हणाली, "या की ताई, सरकून जागा करते."

मला ते लागलं. साठी उलटेपर्यंत कागदांवर अंगठा उठवला, मग अक्षरं गिरवली. ती काय हिच्या नावाखाली बसायला?

सुनेला म्हटलं, "मला माझं नाव लिहून आत जायचंय. नाहीतर राहू दे."

मग दुपारभर बसून तिने नियमच बदलला. ईमेल नसला तरी चालेल, पण युजरनेम प्रत्येकीचं वेगळं हवं. आत जाताना दोन्हींपैकी काहीही लिहा.

ईमेलमध्ये शेपूट गुंडाळून बसलेल्या मांजरासारखं एक चिन्ह असतं. मला ते भारी आवडतं. नावाच्या मधोमध बसवलं, तर कॉम्प्युटर अडून बसला. सूनबाईने समजावलं, ते दिसलं की त्याला ईमेलच वाटतो. उद्या कुणी काकूंचा ईमेल आपलं नाव म्हणून लिहिला, तर काकूंचं काम त्यालाच दिसायचं.

"हे आधी नाही का सांगायचंस? तिचाच ईमेल लिहिला असता!" मी म्हटलं. ती पोट धरून हसली.

मांजर काढलं. एकेक अक्षर शोधत नाव लिहिलं, पासवर्ड टाकला. खातं उघडलं. वर माझं नाव आणि जरा वेळाने खाली चक्क एक काम: कोटाचं अस्तर फाटलंय, शिवणारी लिहिता-वाचता येणारी हवी. गिऱ्हाईक, धाकटी.

मान वर केली. ती खिडकीपाशी, फोन पाठीमागे धरून उभी.

"कोट कुठाय?"

"अंगातच आहे. आधी काम घेतलं असं लिहा, मग काढते."

मी लिहायला घेतलं. शेवटचं अक्षर होईपर्यंत ती गप्प उभी राहिली, मग तिने कोट काढून माझ्या मांडीवर ठेवला.