बू याकूबची न प्यायलेली कॉफी

सोमवारी सूर्यास्ताची मगरिबची नमाज आटोपली की शमलानच्या दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा उरत नसे, आणि ज्याला जागा मिळे त्याच्याकडे शमलानसाठी एखादं काम असेच. कुणाच्या पुतण्याला मंत्रालयात चिकटवायचं असायचं, कुणाच्या सासूला गुडघ्यासाठी जर्मनीला धाडायचं असायचं, कुणाच्या गल्लीतला दिवा बंद असायचा. दिव्यासाठी खासदार! पण कुवेतमध्ये खासदाराला दिव्याचंही बघावं लागतं. शमलान सगळ्यांचं ऐकून घ्यायचा, "बघतो, इन्शाअल्ला" म्हणायचा, आणि त्यातलं निम्मं खरोखर बघायचा. हा दिवाणखाना त्याच्या वडिलांनी आयुष्यभर उघडा ठेवला होता. ते गेल्यावर त्यांच्याच गादीवर बसून लोकांना कॉफी पाजणं हे शमलानच्या आयुष्यातलं मोठं सुख होतं.

त्या सोमवारी मात्र तो त्याच गादीवर काटे टोचत असल्यासारखा बसला होता. कारण होतं तंबूंचा ठराव.

थंडी पडली की निम्मं कुवेत वाळवंटात तंबू ठोकून राहतं. शेकोटी, दुधाचा चहा, उकडलेले हरभरे, आणि वाळूच्या टेकड्यांवर मुलांच्या जाड चाकांच्या गाड्यांचा धुडगूस, हे सगळं थेट मार्च संपेपर्यंत चालतं. हा मोसम दोन महिन्यांनी कमी करावा, वाळवंटाला जरा दम खाऊ द्यावा, असा ठराव संसदेत आला. कायदा असता तर नावं पुकारून एकेकाचं मत घेतलं असतं आणि सगळा देश टीव्हीला डोळे लावून बसला असता. पण ही नुसती सरकारला शिफारस होती. हात वर करा, मोजा, झालं. कॅमेरा तेव्हा सभापतींच्या तोंडावर होता. ठराव मंजूर झाला, आणि कुणाचा हात वर होता ते ज्याचं त्यालाच ठाऊक राहिलं.

शमलानचा वर होता.

हात वर करण्याआधी तो बोललाही होता. भाषणाच्या पहिल्या भागात तो म्हणाला, तंबू हा आपल्या बापजाद्यांचा वारसा आहे. दुसऱ्या भागात म्हणाला, म्हणूनच ज्या वाळवंटात तो उभा राहतो ते आधी वाचवलं पाहिजे. आता शमलानचं निवडणुकीचं सगळं बघणारा त्याचा चुलतभाऊ धारी हा पहिल्या भागावर समाधान मानणारा माणूस. त्यानं त्याच संध्याकाळी मतदारसंघातल्या झाडून सगळ्या फोनांवर मेसेज पाठवला : 'खासदार शमलान संसदेत कडाडले! तंबू हा आपल्या बापजाद्यांचा वारसा!'

शमलाननं तो वाचला आणि धारीला फोन लावला. "अरे गाढवा, मी ठरावाच्या बाजूनं होतो!"

"नव्हतास असं मी कुठं लिहिलंय? वाक्य तुझंच आहे की."

"अर्धं आहे."

"लोकांना अर्धं पुरतं. तू मतदारसंघातून दहावा आलायस, दहावा! जातात किती? दहा. अकराव्यात आणि तुझ्यात एका वऱ्हाडाएवढी मतं होती. आता गप बस आणि आशीर्वाद घे."

आणि शमलान गप्प बसला. हेच तर त्याला खात होतं. दुसऱ्या दिवशी त्याची बायको सबीका खजुरांचा डबा घेऊन समोर उभी राहिली.

"माझ्या भावानं पाठवलाय. तंबूंसाठी कडाडल्याबद्दल. ठेवू की परत करू?"

"ठेव."

"खाणार आहेस?"

"नाही."

"मग मी खाते. माझा हात कुठंच नव्हता," ती म्हणाली आणि तिथंच बसून तिनं डबा उघडला.

तर सोमवारी दिवाणखान्यात दुसरा विषयच नव्हता. हात वर करणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार चालला होता. "त्यांना कळतंय काय वाळवंटातलं? एसीत जन्मले, एसीत मरणार!" असं कुणीतरी म्हणायचं आणि बाकीचे शमलानकडे वळून कौतुकानं माना हलवायचे. शमलान जमिनीवरच्या गालिच्याची नक्षी बघत होता. धारी मात्र दाराशी उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्यांकडून शाबासकी गोळा करत होता.

तेवढ्यात बू याकूब आले. शमलानच्या वडिलांचे जिवलग मित्र, अग्निशमन दलातून निवृत्त झालेले, आणि सुबियाच्या वाळवंटातला सगळ्यात मोठा तंबू त्यांचा. दर सोमवारी यायचे, कोपऱ्यात बसायचे, तीन पेले कॉफी प्यायचे आणि जायचे. इतक्या वर्षांत त्यांनी या घरात कधी काही मागितलं नव्हतं. म्हातारा कॉफीवाला बशीर त्यांच्यापुढं वाकला, त्यांच्या पेल्यात घोटभर कॉफी ओतली. बू याकूबनी पेला उजव्या हातात घेतला आणि ओठाला न लावता समोर गालिच्यावर ठेवून दिला.

बोलणाऱ्यांच्या माना तिकडे वळल्या. पाहुण्यानं पेला असा खाली ठेवला म्हणजे त्याला काही मागायचंय, आणि ते मिळेल असा शब्द मिळाल्याशिवाय तो पिणार नाही. ज्याच्या घरून पाहुणा न पिता उठला त्यानं चारचौघांत तोंड दाखवायचं नाही, असा इथला रिवाज.

वडील अशा वेळी काय म्हणायचे ते शमलानला पाठ होतं. तेच तो म्हणाला. "प्या, बू याकूब. जे असेल ते दिलं."

त्याला वाटलं, नातवाच्या कॉलेजचं असेल.

"दिलं?"

"दिलं."

"नोकरी नको, दवाखाना नको," बू याकूब म्हणाले. "त्या दिवशी तुझा हात वर होता की खाली, तेवढं सांग."

धारी दारातून धावतच आत आला. "हे काय विचारणं झालं काका! मेसेज नाही मिळाला तुम्हाला?"

"मिळाला, बाबा. नातीकडून दोनदा वाचून घेतला. कडाडला असं लिहिलंय. कडाडून झाल्यावर हात कुठं गेला ते लिहायचं राहिलं तुझं."

दिवाणखान्यात खसखस पिकली. शमलान हसला नाही. 'खाली' एवढा एक शब्द म्हटला की सुटका होती. कुणी पाहिलं नव्हतं, कुणी सिद्ध करू शकणार नव्हतं, आणि समोर बसलेल्या एकूण एक माणसाला तोच शब्द ऐकायचा होता. त्यानं गालिच्यावरच्या पेल्याकडे पाहिलं. वडिलांच्या गादीवर बसून, वडिलांच्या मित्राला, वडिलांचाच शब्द देऊन झाला होता.

"वर होता," तो म्हणाला.

मग जो गलका उठला! "आमच्याच मतांवर जाऊन आमचेच तंबू उपटतोस?" "मग तो मेसेज कशाला पाठवलास, लाज नाही वाटली?" जर्राह नावाचा एक धिप्पाड गृहस्थ उठला आणि चपला शोधायला लागला. धारीनं कपाळाला हात लावला.

"बसा रे," बू याकूब म्हणाले. "मी अजून प्यायलो नाही. बोल शमलान. का वर होता?"

भाषणाचा दुसरा भाग आठवायचा शमलाननं प्रयत्न केला, पण तो काही आठवेना. त्यामुळे त्यानं जे झालं होतं तेच सांगितलं.

"गेल्या वर्षी मुलींना घेऊन सुबियाला गेलो होतो. फगा शोधायला." पाऊस झाला की वाळूखाली बटाट्यासारखी धरते ती अळंबी, तिच्या नावानंच चारपाच जणांच्या तोंडाला पाणी सुटलं. "बाबा न्यायचे तेव्हा दुपारपर्यंत पिशवी भरायची. आता तिथं टायरच्या चाकोऱ्या आणि पाण्याच्या बाटल्या. झुडूप म्हणून उरलेलं नाही. मला माहीत होतं काही मिळायचं नाही ते. पोरी हिरमुसतील म्हणून मी बाजारातून लिबियाचा फगा विकत नेला, आणि त्या चहा पीत होत्या तेवढ्यात पलीकडे जाऊन वाळूत पुरला."

दोघंतिघं हसले.

"थोरलीनं उकरून काढला. वास घेतला. म्हणाली, बाबा, हा धुतलेला आहे."

आता सगळे हसले. पण ते हसणं लवकर ओसरलं आणि जो तो आपल्या पेल्यात बघायला लागला. एक चप्पल पायात आणि एक हातात, अशा अवस्थेत जर्राह तसाच उभा होता.

"मी इराणचा पुरतो," तो म्हणाला.

"मोरोक्कोचा घे," कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं. "त्याला माती चिकटलेली असते."

बू याकूब शमलानकडे बघत मान हलवत होते. "धुतलेला पुरलास! तुझ्या बापाला लाज वाटली असती. नातवंडांसाठी मी पुरतो तो आधी मातीत चांगला लोळवतो." मग त्यांनी पेला उचलला. "पण एक ऐक. तुझं चुकलंच. पोरांच्या गाड्या बंद करायच्या होत्यास, माझे दोन महिने का कापलेस? ते मी विसरणार नाही." एवढं बोलून थंडगार झालेली कॉफी त्यांनी एका घोटात संपवली आणि बशीरपुढं पेला धरला.

लोक गेल्यावर शमलाननं धारीकडे फोन मागितला. धारी देईना, तेव्हा हिसकावून घेतला आणि स्वतःच्या बोटांनी मेसेज लिहिला : 'तंबूंच्या ठरावावर माझा हात वर होता. आधीचा मेसेज अर्धा होता, चूक माझी. भांडायचं असेल तर सोमवारी या. कॉफी आहे.'

"गेली खुर्ची," धारी म्हणाला.

पुढच्या सोमवारी चपला रस्त्यापर्यंत गेल्या. सगळे भांडायला आले होते. बशीरला चारदा कॉफी उकळावी लागली. शमलानचा घसा बसला, पण घरात आल्यावर सबीकाच्या डब्यातले खजूर त्यानं पहिल्यांदा मागितले. डबा अर्थातच केव्हाच रिकामा झाला होता.

वर्षभरात संसद बरखास्त झाली आणि पुन्हा निवडणूक लागली. आता दारोदार जायची पाळी शमलानची. बू याकूबच्या दारात गाडी थांबली तेव्हा धारीनं त्याची बाही धरली.

"घरात पाच मुलगे, पाच सुना. आत गेलास की पेला खाली ठेव. बास. म्हातारा रिवाजाचा पक्का आहे, नाही म्हणूच शकणार नाही."

आत मुलगे, जावई, शेजारी सगळे जमले होते. शमलानच्या हातात पेला आला आणि सगळ्यांचे डोळे त्या पेल्यावर. धारी डोळ्यांनी गालिच्याकडे खुणा करत होता. शमलाननं कॉफी प्यायली. दुसऱ्यांदा ओतली, तीही प्यायली. मग पुरे झालं म्हणून पेला हलवला आणि परत दिला.

"काही मागायचं नाही?" बू याकूबनी विचारलं.

"मागायला तर आलोय. पण पेला ठेवला असता तर तुम्हाला द्यावंच लागलं असतं."

बू याकूबनी दाढी कुरवाळली. तेव्हा प्रत्येक मतदाराला चार मतं असायची. त्यांनी चार बोटं वर केली.

"माझी चार. तीन ठरलेली आहेत. तंबूंसाठी हात खाली ठेवणारे आपल्या भागात तिघं आहेत, त्यांना."

शमलाननं मान डोलावली. त्याला वाईट वाटलं, पण राग आला नाही.

"चौथं तुला."

धारीला ठसका लागला. शमलान म्हणाला, "बू याकूब, मी तर तुमचे दोन महिने कापले."

"कापलेस. अजून चीड येते. पण त्या तिघांचे हात खाली होते असं ते तिघं सांगतात. तुझा वर होता हे मला माहीत आहे."

आणि शमलाननं हलवून परत दिलेला पेला त्यांनी परत मागवला, किटली आपल्या हातात घेतली आणि पेल्यात स्वतः घोटभर कॉफी ओतली.